अपडेटच्या आधीची झाडलोट

किस्से मी गोळा करत नाही. माझ्या पेनड्राइव्हला चिकटून तेच घरी येतात. लोकांच्या कम्प्युटरचं काम उरकून मी वडगावात परत येते, चपला काढते, पिशवी खुंटीला अडकवते आणि बघते तर एखादा आलेलाच असतो सोबत! यंदा तर इतके आले की सांगून टाकल्याशिवाय मला दुसरं काही सुचेना.

झालं असं की जुन्या विंडोजचं दाणापाणी बंद होणार, सगळ्यांनी नव्यावर जा, असा निरोप प्रत्येकाच्या स्क्रीनवर यायला लागला. लोक घाबरले. मी नाही घाबरले. मी चौथी शिकलेली. अर्धा जन्म मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेला. कम्प्युटर शिकले पन्नाशीनंतर, डिक्शनरी मांडीवर घेऊन. कुणी शिकवला म्हणून विचारलं तर सांगते, "त्यानंच शिकवला. चुकलं की लाल अक्षरात ओरडायचा, बरोबर आलं की गप्प बसायचा. नवऱ्यापेक्षा बरा मास्तर!"

लोकांना वाटतं, अपडेट म्हणजे बटण दाबायचं. बटण दाबणं हे सगळ्यात शेवटचं. खरं काम त्याच्या आधी. सगळ्याची कॉपी घ्यायची, जागा रिकामी करायची, आतली धूळ काढायची, कुठलं जुनं सॉफ्टवेअर नव्यात चालणार नाही ते हुडकायचं. लग्नाच्या आधी घर झाडतो ना, तसं. आणि घर झाडायला काढलं की कोपऱ्यातनं जे निघतं ते बघायची छाती लागते.

माझ्याकडची सगळी मशीनं एकेक करून उरकली. एकच राहिलं. इंदीचं. इंदी म्हणजे माझी लहानपणची मैत्रीण, साड्यांची डिझाइनं काढणारी. दिवाळीनंतर तिला मेंदूचा मोठा झटका आला. आता बोलत नाही, हात-पाय हलत नाहीत. तिचं एक डिझाइन मशीनवर अर्धवट पडलंय आणि ते ज्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते नव्या विंडोजवर चालत नाही. तिच्या मुलाला, महादेवला, नव्या मागासाठी तेच मशीन नव्या विंडोजवर पाहिजे. म्हणजे बटण मी दाबायचं आणि इंदीचं शेवटचं काम कायमचं बंद व्हायचं. म्हणून मी ते मागं मागं ढकलत होते. तिचं सांगतेच. आधी बाकीचे ऐका.

*

शहापुरात दत्तू विणकराकडं गेले. त्याचं मशीन अपडेट अर्ध्यावर आलं की बंद पडायचं. तीनदा केलं, तीनदा बंद!

मशीनचा डबा उघडला. आत हळद, कुंकू, अक्षता! आमच्याकडं खंडेनवमीला मागाची पूजा करतात, त्या दिवशी माग चालवत नाहीत. हल्ली मागाच्या शेजारी कम्प्युटर आला, मग त्यालाही हळदकुंकू. पण बाहेरनं वाहावं! यानं पंख्याच्या जाळीतनं आत वाहिलं होतं, वर्षानुवर्षं.

ब्रशनं सगळं काढलं. कोपऱ्यात एक लिंबू.

"हे काय रे?"

"नजर लागू ने म्हणून आक्का. नवमीला ठेवलतो."

नवमी होऊन आठ महिने झालेले. डब्याच्या आतली गरमी अशी की पापड भाजावा. आणि लिंबू हिरवंगार, देठावर पान ताजं. नखानं टोचलं तर रस आला.

मी ते बाहेर टेबलावर ठेवलं आणि अपडेट सुरू केलं. अर्ध्यावर बंद!

मी लिंबू उचललं, होतं तिथं ठेवलं, झाकण लावलं, स्क्रू पिळले.

अपडेट सरळ पूर्ण झालं. दत्तू म्हणाला, "आक्का, बिलात लिंबू धरू नका!"

*

टिळकवाडीत एक निवृत्त बाई आहेत, संगीत शिकवायच्या. त्यांच्या मशीनमध्ये नव्या विंडोजला जागाच नव्हती. मी म्हटलं, काहीतरी पुसावं लागेल.

"पुसा की. भजनं सोडून काहीही पुसा."

भजनांनीच तर जागा खाल्लेली! लॉकडाऊनमध्ये त्यांच्या मंडळातल्या सात बायका आपापल्या घरातनं फोनवर गायच्या आणि बाई प्रत्येकीचा आवाज वेगळा रेकॉर्ड करायच्या. अशी शेकड्यानं भजनं. मी म्हटलं, एखाद-दुसरं डबल असेल, ऐकून बघू.

ऐकायला लागले. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण मोजता येतं. स्क्रीनवर सात खिडक्यांत सात बायका. एकीचा आवाज बारीक, एकीचा घोगरा, एकीची मागनं येणारी फरफट. मी एकेकीचा आवाज बंद करत गेले. एक, दोन, तीन... सातवीचा बंद केला.

गाणं चालूच!

एकच आवाज. लांबनं येणारा, पण स्वच्छ.

माझ्या मानेवर काटा आला. बाईंकडं बघितलं. त्या डोळे मिटून मांडीवर ठेका धरून बसलेल्या.

"बाई, ही आठवी कोण?"

त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. "सुरात आहे ना?"

"आहे."

"मग राहू दे. बाकीच्या सातजणींना जरा धाक राहतो!"

*

हा माझा स्वतःचा. एका साडीच्या दुकानात दुपारी काम चाललं होतं. मालक जेवायला घरी गेलेले, शटर अर्धं ओढलेलं, आत मी एकटी. अपडेटच्या आधी प्रिंटरचं जुनं सॉफ्टवेअर काढायचं होतं, ते काही निघेना. कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. बेंगळुरूचा कुणी पोरगेला इंजिनिअर. माझा आवाज ऐकला आणि कन्नडात म्हणतो, "अज्जी, फोन घरातल्या कुणाला तरी द्या."

मी म्हटलं, "कुणाला देऊ? घरातल्यांना मीच शिकवते!"

तो नरमला. म्हणाला, बरं, थांबा जरा. मी थांबले. तेवढ्यात स्क्रीनवरचा बाण हलायला लागला. मला ते ठाऊक आहे, लांबनं बसून दुसऱ्याचं मशीन चालवता येतं. मी माउसवरचा हात काढून घेतला. बाण हळूच वर गेला, बरोबर जागी थांबला, एक खोली उघडली, दुसरी उघडली, नको ते निवडलं, काढून टाकलं, मागचं नीट बंद केलं. एक क्लिक फुकट नाही. जुन्या बायका तांदूळ निवडतात तसं!

मी मनापासनं म्हटलं, "हात चांगला आहे रे तुझा."

"अज्जी," तो म्हणाला, "मी तुमच्याकडं अजून मशीनमध्ये यायचा कोड मागितलाच नाही. तुमच्या मशीनवर मी नाहीय. तुमच्याजवळ कोण आहे?"

"मी एकटीच."

बाण स्क्रीनच्या मध्ये आला. थांबला.

पोरानं फोन ठेवून दिला. भित्रा! मी खुर्चीत बसल्या जागी म्हटलं, "झालं असेल तर रीस्टार्ट कर."

केला की!

*

निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला गेलं की शिंकांशिवाय बोलणं होत नाही. तंबाखूचा बारीक खकाणा हवेतच असतो. तिथल्या तरुण मालकांनी नवा लॅपटॉप घेतला होता, चेहरा बघून उघडणारा. मोठ्या अपडेटच्या आधी असली कुलपं एकदा तपासून घ्यावीत, नाहीतर नंतर मालकालाच आत घेत नाहीत.

तपासलं. मालकांचा चेहरा दिसला की उघडायचा. माझा दाखवला, नाही उघडला. दिवाणजींचा दाखवला, नाही उघडला. मालकांचा मोबाईलमधला फोटो समोर धरला, तरी नाही. फोटोला तो फसत नाही. बरं झालं म्हटलं.

मालक शिंकत शिंकत बाहेर गेले, फोन आला म्हणून. मी झाकण मिटलं. चहा आला, प्यायले. झाकण उघडलं. लॅपटॉपच्या पुढ्यात मालकांची गादी, मागं तक्क्या. गादी रिकामी. मी बाजूला, कॅमेऱ्यात येत नव्हते.

लॅपटॉपनं जरा वेळ शोधलं. मग उघडला! "स्वागत आहे" म्हणाला.

मी परत मिटलं, परत उघडलं. परत स्वागत!

तक्क्याकडं बघितलं. मधोमध दबलेला होता, कुणी नुकतंच टेकून उठावं तसा. किंवा उठलेलं नसावं तसा.

दिवाणजी चाळीस वर्षं त्याच वखारीत. त्यांनी तपकिरीची डबी बंद केली आणि मला हळूच म्हणाले, "आक्का, तुमी तुमचं काम करा. थोरले आप्पा गेले तरी त्यास्नी कुलूप कशाला लागतंय? वखार त्यांनीच बांधलीया."

*

आता एक छोटा. माग चालवणारी माणसं मागावरचा जुना ताणा, म्हणजे उभी सुतं, पुरता कापून टाकत नाहीत. शेवटची सुतं मागाच्या फणीत तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचं एकेक सूत त्याला जोडून घेतात. त्यामुळं आमच्या वडगावात "सगळं पुसून नवंच टाका" असं मला कुणी म्हणत नाही.

बसवंत म्हणाला. शहरात चार दिवस राहून आलेला! "आक्का, अपडेट-बिपडेट नको. मुळापासनं धुऊन काढा. जुनं एक अक्षर ऱ्हायला नको."

मी तसंच केलं. पाटी कोरी. डोळ्यानं बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. कचऱ्याच्या टोपलीत एक फाईल आलीय म्हणे. जाऊन बघितलं. फाईलला नाव नाही. आकार शून्य. तारीख मात्र त्याचा बाप वारला त्या वर्षीची, आणि त्या वर्षी हे मशीन दुकानातसुद्धा आलं नव्हतं. पुसली. गेली. पाणी प्यायला वळले तोवर परत आली!

बसवंतचा चेहरा पांढरा. "आता काय करायचं वो?"

"काय करणार? फणीत एक सूत राहिलंय तुझ्या बापाचं. त्यालाच जोडून घे!"

*

आता इंदी.

इंदी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं ठिपके भरून पदर काढायची. मी तिला माउस धरायला शिकवलं तेव्हा आठ दिवस मला शिव्या घातल्या. नवव्या दिवशी मला खुर्चीतनं उठवून स्वतः बसली, ती परत उठलीच नाही!

हा अर्धवट राहिलेला पदर चिमण्यांचा. चाळीस चिमण्या, आठ रांगा. सगळं जग काय करतं? एक चिमणी काढतं आणि तिचीच कॉपी मारतं. इंदी कॉपी मारायची नाही. "देवानं चिमण्या छापून काढल्यात व्हय गं?" म्हणायची. एक पंख खाजवणारी, एक मान वळवलेली, एक रुसून बसलेली. झटका आला त्या दिवशी एकोणीस झाल्या होत्या.

तिचा पलंग आणि कम्प्युटरचं टेबल एकाच खोलीत. अपडेटची तयारी म्हणून मी पहिली कॉपी घेतली, डिझाइनची प्रिंटही काढली. महादेवच्या बायकोनं, रेखानं, ती भिंतीला चिकटवली. एकोणीस चिमण्या.

पंधरा दिवसांनी राहिलेलं काम करायला गेले. डिझाइन उघडलं. तेवीस!

मला वाटलं मीच मोजायला चुकले. भिंतीवर बघितलं, एकोणीस. स्क्रीनवर तेवीस. आणि नव्या चारही वेगवेगळ्या. एकीच्या चोचीत काडी होती.

रेखाला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, मला त्ये सुरू कुठनं होतंय त्येबी ठावं न्हाय." महादेव दिवसभर मागावर. घरात तिसरं कुणी नाही. आणि इंदी? इंदी छताकडं बघत पडलेली. तिला ऐकू येतं की नाही, हेसुद्धा डॉक्टरांना सांगता येत नाही.

मी सरळ बाई आहे. मशीनची लाइटची वायर काढली, पिशवीत घातली आणि घरी घेऊन आले. आता बघू म्हटलं.

आठवड्यानं तीच वायर लावून मशीन चालू केलं. सत्तावीस.

मी भिणारी नाही. पण त्या दिवशी घरभर शोधून बघितलं, अशी दुसरी वायर कुठं आहे का. नव्हती. पेनड्राइव्हमधली कॉपी उघडली, तिच्यात एकोणीसच. कॉपीतल्या वाढत नव्हत्या. त्या मशीनमधल्याच वाढत होत्या.

महादेवला दाखवलं. त्यानं बोटानं एकेक चिमणी मोजली. मग म्हणाला, "मावशी, नव्या मागाचा कंपनीवाला सोमवारी येणार हाय. त्याच्या आत नवं विंडोज न्हाय झालं तर माग जोडून देणार न्हाय. परत नंबर कवा लागंल सांगता येत न्हाय. दुसरं मशीन घ्यायला आत्ता जमत न्हाय."

"ठाऊक आहे रे. जेवढं झालंय तेवढं मला वाचवता येतं. जे व्हायचंय ते कशात कॉपी करू?"

तो वाईट पोरगा नाही. म्हणाला, "मग चिमण्या पुऱ्या हूं देत. त्येच्या आदी बटण दाबू नका."

मग मी रोज जायला लागले. वायर माझ्या पिशवीत, चिमण्या त्याच्या मशीनमध्ये. एकतीस. चौतीस. छत्तीस. महादेव दारातनंच विचारायचा, "किती?" मी बोटं दाखवायची. कसं, हे आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

शनिवारी एकोणचाळीस. एक राहिली.

मी पलंगावर इंदीच्या शेजारी बसले. तिचा हात हातात घेतला. सूत संपलेल्या कांडीसारखा हलका.

"इंदे, ऐक. एक राहिलीय. उद्या ती झाली की मी बटण दाबणार. मग हे उघडायचं नाही, तुझं सॉफ्टवेअर संपलं. तुझ्या पोराचा माग उभा राहायला पाहिजे गं. चालेल ना?"

रविवारी सकाळी दहाला गेले. ऊन खोलीत आलेलं. सगळ्याची कॉपी घेतलेली होती, जागा केलेली होती, लाइट गेली तर म्हणून बॅटरी भरून ठेवलेली होती. महादेव नारळ घेऊन उभा. रेखानं मशीनला हळदकुंकू लावलं, बाहेरनं! मी वायर लावली. म्हटलं, चाळीसावी बघू आणि दाबू.

डिझाइन उघडलं.

पदर पांढरा.

मला वाटलं फाईल बिघडली. वरपासनं खालपर्यंत सरकवत गेले. आठही रांगा कोऱ्या. मग अगदी वर, पहिल्या रांगेच्या पहिल्या घरात, एक चिमणी दिसली. त्या एकोणचाळिसांतली नव्हे. ही मी कधी बघितलेली नव्हती. मान ताठ, छाती पुढं, दोन्ही पाय घट्ट रोवून उभी. आणि तिच्या शेजारच्या घरात नुसते चार-पाच ठिपके. दुसरीचे पाय तेवढे झाले होते.

"महादेवा," मी म्हटलं, "कालच्या एकोणचाळिसांची कॉपी आहे माझ्याकडं."

महादेवनं स्क्रीनकडं बघितलं. आईकडं बघितलं. इंदी छताकडं बघत होती, रोजच्यासारखी. त्यानं नारळ टेबलावर ठेवला, खिशातनं मोबाईल काढला आणि कंपनीवाल्याला फोन लावत दारात गेला. आम्हाला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं.

"साहेब, उद्या येऊ नका... न्हाय न्हाय, मशीनला काय झालेलं न्हाय... व्हय, तयारी सगळी झाल्या... न्हाय वो साहेब, तसं काय न्हाय. आईचं काम चालू हाय."